पॉइंट गार्डचा बचाव खरोखर सुधारला, हे कशावरून ठरवावे?

प्रश्न : सहायक प्रशिक्षक, घाटकोपर

नमस्कार. मी एका महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाबरोबर सहायक प्रशिक्षक म्हणून काम करतो. आमच्या पॉइंट गार्डच्या (चेंडू पुढे नेऊन चाल मांडणाऱ्या खेळाडूच्या) मूल्यमापनावरून आमच्यात दोन तट पडले आहेत, म्हणून येथील जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

गेल्या हंगामात ही मुलगी आक्रमणात उपयोगी होती, पण बचावात उघडी पडत असे. उंची बेताची, खांदे बारीक. त्यामुळे प्रतिस्पर्धी संघ मुद्दाम तिच्याच बाजूने चाल करत आणि शेवटच्या मिनिटांत, म्हणजे चेंडू शांत डोक्याने हाताळणारी खेळाडू सर्वांत जास्त हवी असते तेव्हाच, आम्हाला तिला बाकावर बसवावे लागे. या हंगामात चित्र पालटल्यासारखे दिसते. तिचे स्टील, म्हणजे समोरचीकडून हिसकावलेले चेंडू, वाढले आहेत. चेंडू हिसकावून ती एकटी धावत जाऊन लेअप (रिंगजवळून सोपा शॉट) करते तेव्हा बाकावरच्या मुली उठून उभ्या राहतात. तिचा बचाव सुधारला आहे आणि आता तिला जवळपास पूर्ण चाळीस मिनिटे खेळवायला हरकत नाही, असे आमच्या मुख्य प्रशिक्षकांचे मत आहे.

मला तसे ठामपणे म्हणवत नाही. चेंडूवर घातलेला हात चुकला की ती एक पाऊल मागे पडते, समोरची मुलगी थेट पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या भागात, शिरते, रिंगजवळ खेळणाऱ्या आमच्या सेंटरला आपली खेळाडू सोडून तिला अडवावे लागते आणि फाउल सेंटरच्या नावावर लागतो. अशाने सेंटर चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच चार फाउलवर, म्हणजे बाद होण्याच्या उंबरठ्यावर, येते. हा हिशेब गार्डच्या खात्यात कुठेच दिसत नाही.

आक्रमणाबाबतही हाच घोळ आहे. तिचे गुण वाढले आहेत, पण त्यांतले बरेचसे अशा एकट्या धावांतून आलेले आहेत. समोरचा बचाव मांडून तयार असतो तेव्हा ती संघाला कितपत खेळवते, हे मला नीट सांगता येत नाही. अधिकृत गुणपत्रिकेत गुण, फाउल आणि टाइमआउट एवढीच नोंद असते. स्टील आणि असिस्ट (ज्यावर लगेच गुण झाला असे पास) आमची एक विद्यार्थिनी वहीत लिहिते. मोबाइलवर केलेले चित्रीकरण आहे. त्यात नेमके काय पाहावे आणि किती सामने पाहिल्यावर मत बनवावे?

उत्तर : नागपाड्याचा जुना गार्ड

सर, चित्रीकरण लावलेत की पहिल्या फेरीत तुमच्या मुलीकडे पाहूच नका. ती जिला अडवते आहे त्या मुलीकडे पाहा. गार्डचा बचाव समोरच्या गार्डच्या खेळात उमटतो. चेंडू मध्यरेषेपलीकडे नेण्यासाठी आठ सेकंद मिळतात आणि एकूण ताबा, म्हणजे चेंडू हाती आल्यापासून शॉट मारेपर्यंतचा वेळ, चोवीस सेकंदांचा असतो. चांगली बचावपटू चेंडूला एकदाही हात न लावता त्या आठांतली सहा-सात सेकंदे खर्च करायला लावते. समोरचीला पाठ फिरवून ड्रिबल करावे लागते, दोन-तीनदा दिशा बदलावी लागते आणि ती पलीकडे पोहोचते तेव्हा चाल मांडायला सतरा-अठरा सेकंदच उरलेली असतात. त्यातही पहिला पास ठरल्या जागेऐवजी दोन हात बाहेर गेला, तर पुढची सगळी चाल विस्कटते. वहीत यातले काहीही उतरत नाही. म्हणून घड्याळ लावून एवढेच टिपा : समोरच्या संघाची पहिली खरी चाल कितव्या सेकंदाला सुरू झाली, आणि ती गेल्या हंगामातल्या त्याच संघाविरुद्ध कितव्या सेकंदाला होत होती.

दुसऱ्या फेरीत पाय पाहा. हात घालण्याच्या क्षणी चित्र थांबवा आणि वजन कुठे आहे ते बघा. कंबर खाली, छाती समोर आणि मागच्या पायाची टाच उचललेली असेल, तर हात चुकला तरी ती पुढच्या पावलाला सावरेल. वजन पुढच्या चवड्यावर झुकलेले आणि नजर चेंडूवर खिळलेली असेल, तर ते स्टील मिळाले तरी ती नशिबाची गोष्ट म्हणायची. आमच्याकडे नागपाड्यात कुणी किती चेंडू हिसकावले याचे कौतुक फार नसे. तुझी बाजू किती वेळा फुटली, हे मात्र मैदानाबाहेर बसलेला प्रत्येक जण सांगू शके. अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार ज्या वस्तीतून आला तिथे बघणाऱ्यांची नजर जरा कडकच असायची.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट स्क्रीनची, म्हणजे बचावपटूची वाट अडवायला समोरच्या संघाची दुसरी खेळाडू मध्ये उभी राहते तिची. कमी उंचीच्या गार्डला समोरचा संघ याच ठिकाणी पकडतो. स्क्रीन लागण्याआधीच्या अर्ध्या सेकंदात ती काय करते ते पाहा : मागून कुणी ओरडून सांगितल्यावर ती अंग आडवे करून, पुढचा खांदा आणि पाय आधी घुसवून स्क्रीनवरून निघते, की भिंतीला धडकल्यासारखी थांबते? निघाल्यानंतर ती समोरचीच्या कमरेला चिकटून असते, की दोन पावले मागून धावत असते? कमरेला चिकटून असेल तर सेंटरला पुढे यावे लागत नाही आणि तुम्ही म्हणता ते फाउल आपोआप कमी होतात. शिवाय स्क्रीनच्या वरून (चेंडूवालीला चिकटून) जायचे की खालून (स्क्रीनच्या मागून, रिंगच्या बाजूने), हा निर्णय समोरची लांबून शॉट मारते की नाही यावर ठरतो. सगळ्यांविरुद्ध ती वरूनच जात असेल तर पाय सुधारले आहेत, समज अजून सुधारायची आहे.

एक जाताजाता. आपल्याकडची बहुतेक मैदाने उघडी आणि सिमेंटची आहेत. पावसाळ्यात ओल धरलेल्या मैदानावर कुणाचेच पाय मोकळे चालत नाहीत, तेव्हा ते सामने तुलनेत धरू नका.

उत्तर : आकडेमोड, परळ

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. स्टीलच्या आकड्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण मुख्य वाद तिथेच आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधील सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले, ते येथील अनेकांना आठवत असतील. त्या किंग्ज संघाचा गार्ड डिॲरन फॉक्स २०२३-२४ च्या हंगामात प्रतिसामना स्टीलमध्ये एनबीएत पहिला आला. पण त्याच हंगामाअखेर जाहीर झालेल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या दोन्ही संघांत त्याचे नाव नव्हते. तिथे ड्रू हॉलिडे, डेरिक व्हाइट, ॲलेक्स करूसो, जेलन सग्ज हे गार्ड होते. स्टीफन करी २०१५-१६ मध्ये स्टीलमध्ये अव्वल होता, तरी त्याच हंगामाच्या अंतिम फेरीत क्लीव्हलंडने स्क्रीन लावून लावून त्यालाच समोर आणले आणि सातव्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटात कायरी अर्व्हिंगने निर्णायक तीन गुणांचा शॉट करीच्याच डोक्यावरून मारला. उलट मार्कस स्मार्ट २०२२ मध्ये वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला. १९९६ च्या गॅरी पेटननंतर हा मान मिळवणारा तो पहिलाच गार्ड, आणि त्या वर्षी स्टीलच्या यादीत पहिला होता डेजाँटे मरे.

तरीही स्टीलला कवडीमोल ठरवणे चुकीचे होईल. सहा फुटांचा ख्रिस पॉल सहा हंगामांत स्टीलमध्ये पहिला आला आणि नऊ वेळा सर्वोत्तम बचाव संघांत निवडला गेला. त्याच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र नांदल्या. प्रश्न एवढाच की चुकलेल्या प्रयत्नांची किंमत काय पडते, आणि ती मोजता येते.

निव्वळ उदाहरणासाठी धरून चाला की तुमच्या पातळीवर एका साध्या ताब्यातून समोरच्या संघाला सरासरी ०.८ गुण मिळतात, आणि तुमची गार्ड हात घालून मागे पडली की त्याच ताब्याचे मोल १.२ होते. यशस्वी स्टीलने ०.८ वाचतात, फसलेल्या प्रयत्नाने ०.४ जास्तीचे जातात. म्हणजे तीन प्रयत्नांत एक यशस्वी झाला तर बरोबरी होते. धावत जाऊन केलेला लेअप हा वरचा नफा. त्यामुळे तिचे हात घालणे मुळातच तोट्याचे आहे, असे आधीच गृहीत धरू नका. मात्र सेंटरचे फाउल या गणितात धरलेले नाहीत आणि तुमच्याकडे खरा तोटा तिथेच होताना दिसतो. एका क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाउलपासून समोरच्यांना फ्री थ्रो मिळू लागतात, हेही विसरू नये. तुमच्या विद्यार्थिनीला वहीत स्टीलच्या शेजारी आणखी दोन रकाने आखायला सांगा : फसलेला प्रयत्न, आणि त्यानंतर त्याच ताब्यात काय घडले.

किती सामने पाहायचे याचे उत्तर सामन्यांत देता येणार नाही, ताब्यांत द्यावे लागेल. एका सामन्यात तिच्यावर थेट चाल होते असे ताबे तुलनेने थोडेच असतात, तेव्हा एक-दोन सामन्यांवरून निकाल देऊ नये. दुबळ्या आणि तुल्यबळ संघांविरुद्धचे ताबे वेगळे ठेवावेत, ते एकत्र केले की सरासरी फसवी निघते. प्रतिस्पर्ध्यांचे तीन गुणांचे शॉट किती टक्के पडले यावरून तिचा बचाव ठरवू नका. शॉट मारू देणे न देणे बचावपटूच्या हातात बऱ्यापैकी असते, सुटलेला शॉट पडणे न पडणे फारसे नसते.

आक्रमणासाठी पहिले काम म्हणजे धावत केलेले गुण आणि मांडलेल्या बचावाविरुद्धचे गुण वेगळे करणे. दुसऱ्या गटात साधी टक्केवारी न घेता तीन गुणांच्या शॉटला दीडपट वजन द्यावे : दहा शॉटपैकी चार पडले आणि त्यांतले दोन तीन गुणांचे असतील, तर तिची परिणामकारक टक्केवारी चाळीस नसून पन्नास होते. असिस्टबरोबर तिच्या पासवर मोकळा शॉट मिळाला पण तो चुकला, अशा वेळाही लिहा, कारण मैत्रिणीच्या चुकलेल्या शॉटची शिक्षा तिला कशाला? टर्नओव्हरचेही (चेंडू गमावण्याचेही) दोन प्रकार करा. चेंडू बाहेर गेला तर बचाव मांडायला वेळ मिळतो. चालू खेळात पास कापला गेला तर समोरची थेट रिंगकडे धावते. दुसऱ्या प्रकारचा टर्नओव्हर खरे तर तिच्या बचावाच्याही खात्यात जातो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे काही चित्रीकरण पुन्हा पाहिले. तिचे बरेचसे स्टील ज्या संघांच्या गार्ड चेंडू अंगासमोर उघडा ठेवून ड्रिबल करतात अशांविरुद्धचे निघाले. तगड्या संघांविरुद्ध प्रयत्न तेवढेच आहेत, यश मात्र कमी, आणि सेंटरचे फाउल नेमके त्याच सामन्यांत लागलेले आहेत.

पण स्क्रीनच्या बाबतीत मला अपेक्षेपेक्षा चांगले दिसले. गेल्या हंगामात ती स्क्रीनवर अडकून पडत असे. आता बहुतेक वेळा खांदा घुसवून वरून निघते आणि समोरचीच्या कमरेपाशी टिकून राहते. मुख्य प्रशिक्षकांना सुधारणा दिसते ती उगाच नाही. फक्त ती स्टीलमध्ये नसून या ठिकाणी आहे.

एक अडचण राहते. दुसऱ्या अर्धात आम्ही बहुतेक वेळा २-३ झोन खेळतो, म्हणजे वर दोघी आणि रिंगजवळ तिघी आपापली जागा राखतात. तिथे ती कुणा एकीला अडवत नसते, मग तिचे मोजमाप कसे करायचे? आणि आक्रमणात ती उजवीकडेच जाते, स्क्रीननंतर समोरची खालून गेली तर शॉट न मारता चेंडू परत देते. हा स्वभाव मानायचा की कौशल्याची उणीव?

उत्तर : प्रशिक्षिका, माटुंगा

सर, झोनमध्ये गार्डचे काम वेगळे असले तरी लपून राहत नाही. वरच्या दोघींपैकी ती एक असेल, तर पहिल्यांदा फ्री थ्रो रेषेच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या मुलीकडे जाणारा पास पाहा. २-३ झोन फुटतो तो बहुधा तिथेच. तो पास सहज जात असेल, तर तुमची गार्ड चेंडूकडे ओढली जाऊन मागची जागा मोकळी सोडते आहे. तिची पाठ त्या मुलीला जवळजवळ लागलेली आणि हात पासच्या वाटेत असेल, तर चेंडूला स्पर्श न होताही ती उत्तम बचाव करते आहे. दुसरे म्हणजे चेंडू विंगला (मैदानाच्या बाजूला) गेल्यावर मागची फॉरवर्ड पोहोचेपर्यंत ती तिथे थांबते का, आणि फॉरवर्ड आल्याबरोबर मध्ये परतते का. हा आत-बाहेरचा प्रवास चौथ्या क्वार्टरमध्ये मंदावतो आणि दमलेली गार्ड इथे पहिल्यांदा पकडली जाते. तिसरे, लांबून मारलेल्या शॉटचा रिबाउंड (चुकून परत उडालेला चेंडू) पुष्कळदा लांबच उडतो. तो घेण्यासाठी ती आपल्या हद्दीतल्या मुलीला पाठीवर घेते, की रिंगकडे बघत उभी राहते? आपल्याकडच्या गार्ड या बाबतीत फार आळशी असतात, हे माझे वर्षानुवर्षांचे गाऱ्हाणे आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. समोरची स्क्रीनखालून जाते, याचा अर्थ प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाने तुमच्या गार्डला शॉट मारायचे आमंत्रणच दिलेले आहे. ते ती नाकारत असेल, तर आधी सरावात तपासा. स्क्रीनच्या मागे थांबून, ड्रिबलवरून थेट उचललेला शॉट ती एकटी असताना कसा मारते? एकटी असताना शॉट पडत असेल आणि सामन्यात ती मारतच नसेल, तर तो विश्वासाचा प्रश्न आहे आणि त्यावर उपाय तुम्ही बाकावरून काय बोलता हा आहे. एकटी असतानाही पाय तयार नसतील, चेंडू कमरेवरून उचलायला वेळ लागत असेल, तर ती कौशल्याची उणीव. दुसरा मार्ग असा की सेंटरने तिथल्या तिथे स्क्रीनचा कोन बदलून ती पुन्हा लावावी. खालून गेलेली मुलगी दुसऱ्यांदा खालून जाईपर्यंत तुमची गार्ड रिंगच्या बरीच जवळ पोहोचलेली असते. हे तिने स्वतः मागून घेतले पाहिजे. तिने इशारा करून सेंटरला पुन्हा बोलावले, असे एकदा जरी चित्रीकरणात दिसले तरी मी ते दोन असिस्टच्या बरोबरीचे मानेन.

डावा हात हा मात्र मला सर्वांत मोठा अडथळा वाटतो. ती उजवीकडेच जाते हे तुम्हाला कळले, तसे समोरच्यांनाही कळणारच, आणि मग उजवी बाजू बंद करून तिला डावीकडे ढकलणे एवढीच योजना पुरते. कमी उंचीच्या गार्डला उंच सेंटरच्या हाताबाहेरून उंच उडवलेला फ्लोटर लागतोच, तोही डावीकडून येताना. सरावाच्या शेवटी, दम लागलेला असताना, डाव्या हाताने सुरुवात करून दोन्ही हातांचे फ्लोटर मारून घ्या.

पासचा दर्जाही जवळून पाहण्यासारखा असतो. स्क्रीनवरून आल्यावर ती वेग कमी करून पाठलाग करणारीला पाठीवर ठेवते का? असे केले की समोरच्या सेंटरची दुहेरी अडचण होते : गार्डला अडवावे, की रिंगकडे वळलेल्या आपल्या खेळाडूला? त्यानंतर कॉर्नरमधल्या मुलीला चेंडू छातीशी, हात तयार असताना मिळतो, की गुडघ्याशी वाकून घ्यावा लागतो, ते पाहा. गुडघ्याशी आलेला चेंडू उचलून मारेपर्यंत बचाव पोहोचलेला असतो. वहीत दोन्ही पासना सारखीच किंमत मिळते, मैदानावर मिळत नाही.

चाळीस मिनिटांबद्दल स्पष्टच सांगते, ते करू नका. तुमच्याच निरीक्षणानुसार तिची खरी सुधारणा पायांत आहे, आणि पाय ही दमणारी गोष्ट आहे. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला आणि तिसऱ्याच्या शेवटी तिला थोडा थोडा विसावा द्या. मग शेवटची पाच मिनिटे समोरच्या सर्वोत्तम गार्डवर तिला सोडा. गेल्या हंगामात बाकावर बसवले होते तिथेच तिची परीक्षा व्हायला हवी. त्या पाच मिनिटांत हात घालण्यावर मर्यादा घाला : मध्यरेषा आणि बाजूची रेषा यांच्या कोपऱ्यात समोरची अडकली असेल तरच चेंडूवर जायचे, आणि सेंटर चार फाउलवर असेल तर तेही नाही.

उत्तर : नागपाड्याचा जुना गार्ड

ताईंच्या बाकी सगळ्या मुद्द्यांना माझा दुजोरा आहे, मर्यादेबाबत मात्र थोडा मतभेद नोंदवतो. ज्या मुलीला हात घालण्याची ओढ आहे तिला पूर्ण मनाई केली की तिचे पायही थंडावतात, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. चेंडू अंगासमोर उघडा ठेवणाऱ्या गार्डविरुद्ध तिला मोकळीक असू द्या. तो तिचा हक्काचा नफा आहे. तगड्या गार्डविरुद्ध मात्र तिला दुसरे काम द्या : समोरच्या संघाच्या सेंटरकडे चेंडू गेला आणि तिने तो खाली आणून ड्रिबल केला, की बाजूने येऊन टिपायचा. तिथे हात चुकला तरी रिंगपर्यंतची वाट उघडी पडत नाही, आणि आपल्या सेंटरला फाउल न करता मदत मिळते.

आणि सर, चित्रीकरण बाजूने न करता रिंगच्या मागून, जमेल तेवढ्या उंचीवरून करा. बाजूने पाहिले तर स्क्रीनवर कोण कुणाच्या कमरेला होते ते दिसतच नाही.

प्रश्नकर्ता

पुढचा सामना ज्या संघाशी आहे त्यांची गार्ड चेंडू उघडा ठेवणाऱ्यांतली नाही. त्यामुळे वहीत नवे रकाने आखून घेतले आहेत आणि मैदानालगतच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून, रिंगच्या मागून, चित्रीकरण करण्याची परवानगीही मिळाली आहे. विश्रांतीच्या वेळा आणि शेवटची पाच मिनिटे याबाबत मुख्य प्रशिक्षक तयार आहेत. डाव्या हाताचा सराव उद्यापासून सुरू करतो. सामना झाल्यावर फसलेल्या प्रयत्नांचा रकाना येथे मांडतो.